इंजिन बसवण्याची हायड्रॉलिक ट्रॉली रात्रभरात तीन मिलिमीटर खाली बसते. कारण काय आणि देखभाल कशी ठेवावी?

वाळूज वर्कशॉप

नमस्कार मंडळी. वाळूज औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे वर्कशॉप आहे. आजवर आमचे बहुतेक काम वाहन कारखान्यांना लागणाऱ्या जिग-फिक्श्चरचे होते. गेल्या वर्षापासून मात्र अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यात इंजिन बसवण्यासाठी वापरली जाणारी एक ट्रॉली आणि तिच्यासोबतचा लिफ्टिंग बीम (भार उचलण्याची तुळई) यांच्या देखभालीचे काम आमच्याकडे आले आहे. करारातील अटीमुळे ग्राहकाचे नाव किंवा इंजिनाचा तपशील लिहिता येत नाही, म्हणून प्रश्नाला आवश्यक तेवढेच सांगतो.

ट्रॉलीच्या मध्यभागी ८० मिलिमीटर बोअरचा (आतील व्यासाचा), एकाच बाजूने दाब घेणारा उभा सिलिंडर आहे आणि चार कोपऱ्यांतील खांबांवर टेबल सरळ वर-खाली सरकते. टेबलावर आडवी-उभी सरक देणाऱ्या स्क्रूच्या दोन पट्ट्या आहेत, त्यांवर फिरते रिंगण आणि त्यावर इंजिन धरणारे क्रेडल आहे. टप्पा वर स्टँडवर उभा असतो. इंजिन नोझल खाली ठेवून क्रेडलमध्ये बसवतात, खालून हळूहळू वर नेतात आणि वरच्या फ्लँजला बोल्ट करतात. इंजिन आणि क्रेडल मिळून भार सुमारे ९०० किलो होतो, ट्रॉलीची क्षमता दोन टन आहे. वर्षातून फार तर तीन वेळा ती ग्राहकाकडे जाते. उरलेला काळ आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते.

अडचण अशी की, गेल्या महिन्यात ९०० किलोचा नकली भार ठेवून आम्ही टेबल ४०० मिलिमीटर उंचीवर नेले, व्हॉल्व्ह बंद केला आणि संध्याकाळी पाच वाजता डायल गेज शून्यावर लावून घरी गेलो. सकाळी आठ वाजता गेज ३.२ मिलिमीटर खाली दाखवत होता. आमच्या हायड्रॉलिकवाल्याने सील खराब झाल्याचे सांगितले, म्हणून सिलिंडर उघडून नवे सील टाकले. पुन्हा तीच चाचणी केली, तर ३.१ मिलिमीटर. जुने सील मी स्वतः भिंगाखाली पाहिले होते आणि त्यांच्यावर ओरखडासुद्धा नव्हता, हे आता लिहिताना खटकते आहे.

इंजिन बोल्ट करताना भोवतालच्या नळ्यांना सहा मिलिमीटरचीच मोकळीक असते, त्यामुळे तीन मिलिमीटर ही किरकोळ गोष्ट नाही. ग्राहकाला लेखी कारण हवे आहे, आणि त्यासोबत वर्षभराच्या देखभालीचे वेळापत्रकही हवे आहे. वाहन उद्योगातील यंत्रांचे वेळापत्रक चालवलेल्या तासांवर असते, पण ही ट्रॉली वर्षात चाळीस तासही चालत नाही. अशा यंत्राची देखभाल कशाच्या आधारावर ठरवावी? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पैठणचा निवृत्त तंत्रज्ञ

माझी नोकरी दक्षिणेत, इंजिन जोडणीच्या जमिनीवरील साधनांवरच गेली. आता पैठणला असतो. तुमच्या प्रश्नातील दोन आकडे महत्त्वाचे आहेत आणि ते तुम्ही सहज लिहून गेला आहात: संध्याकाळी पाच आणि सकाळी आठ. पत्र्याची शेड, उन्हाळ्याचे दिवस, आणि या दोन वेळांमधील तापमान मात्र तुम्ही नोंदवलेले नाही.

हायड्रॉलिक तेलाचे आकारमान दर अंश सेल्सियसला साधारण ०.०७ टक्क्याने बदलते. तुमच्या सिलिंडरमध्ये ४०० मिलिमीटर उंचीचा तेलाचा स्तंभ कोंडलेला आहे, म्हणजे एका अंशाला ०.२८ मिलिमीटर. तेल दुपारी ३८ अंशांवर असेल आणि सकाळी २८ अंशांवर आले असेल, तर केवळ थंड झाल्यामुळे टेबल २.८ मिलिमीटर खाली येणार. लोखंडी सिलिंडरही आक्रसतो, पण त्याचा परिणाम तेलाच्या मानाने इतका थोडा आहे की या हिशेबात तो सोडून दिला तरी चालेल. तुमचे ३.२ या आकड्याच्या इतके जवळ आहेत की, सील बदलण्याआधी थर्मामीटर लावायला हवा होता, असे मी स्पष्टच म्हणेन. आपल्या भागात एप्रिलमध्ये दिवस-रात्रीच्या तापमानात जो फरक पडतो, तो वातानुकूलित जोडणी कक्षात पडत नाही. त्यामुळे ग्राहकाकडे ही तक्रार कधी दिसलीच नसेल.

खात्री करण्याची रीत सोपी आहे. भार ठेवा, तेलाचे तापमान कळण्यासाठी सिलिंडरच्या भिंतीला तापमापकाचा प्रोब चिकटवा आणि त्यावर कापसाची पट्टी गुंडाळा, म्हणजे हवेचे तापमान त्यात मिसळणार नाही. मग पूर्ण चोवीस तास, दर दोन तासांनी, गेज आणि तापमान शेजारी-शेजारी लिहून ठेवा. तापमानामुळे खाली गेलेले टेबल दुसऱ्या दुपारी परत वर येते; गळतीमुळे गेलेले येत नाही. चोवीस तासांनी तेल जेव्हा पुन्हा पहिल्याच तापमानावर येईल, तेव्हा गेजवर जो फरक उरेल, तेवढीच तुमची खरी गळती.

आता याहून गंभीर गोष्ट. टेबल खाली जाते याची तुम्हाला काळजी वाटते, पण मला ते वर जाण्याची अधिक वाटते. समजा सकाळी इंजिन वर नेले, फ्लँजला बोल्ट केले आणि ट्रॉली तशीच खाली टेकलेली ठेवून मंडळी जेवायला गेली. व्हॉल्व्ह बंद आहे, तेल कोंडलेले आहे आणि दुपारपर्यंत ते चार अंशांनी तापले. मोकळे असते तर टेबल १.१ मिलिमीटर वर आले असते. आता वर इंजिन आहे आणि इंजिनाच्या वर टप्पा आहे. पूर्णपणे न हलणाऱ्या जागेत कोंडलेल्या तेलाचा दाब एका अंशाला साधारण १० बारने वाढतो. चार अंशांना ४० बार, आणि तुमच्या सिलिंडरच्या ५० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळावर तो जवळपास दोन टनांचा रेटा होतो. प्रत्यक्षात होज (तेलाची लवचिक नळी) फुगतो, सांगाडा थोडा वाकतो, त्यामुळे पूर्ण दोन टन येणार नाहीत. परंतु जे काही येईल ते इंजिनाच्या बिजागरीवर आणि टप्प्याच्या तळावर येईल, आणि ज्यांनी ते भाग बनवले त्यांनी खालून येणारा असा रेटा हिशेबात धरलेला नसतो. म्हणून बोल्ट पूर्ण टॉर्कवर जाताच टेबल दोन-तीन मिलिमीटर खाली घेऊन क्रेडल मोकळे झाल्याचे फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्टीने) तपासणे, ही पायरी कार्यपद्धतीत स्वतंत्र क्रमांकाने आणि स्वतंत्र सहीने असली पाहिजे. तसेच सिलिंडर आणि चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) यांच्या मधल्या भागावर दाब सोडणारा छोटा रिलीफ व्हॉल्व्ह आहे का, ते पाहा. पुष्कळ ट्रॉल्यांवर रिलीफ असतो, पण तो पंपाच्या बाजूला असतो आणि कोंडलेल्या तेलासाठी त्याचा काही उपयोग नसतो.

तुमच्या दाबमापकाची पट्टी किती बारची आहे? ९०० किलोला या बोअरवर जेमतेम १८ बार लागतात. बाजारात मिळणारा २५० बारचा गेज बसवलेला असेल, तर १.६ टक्के अचूकतेच्या वर्गातही त्याची चूक चार बार, म्हणजे भाराच्या भाषेत दोनशे किलो होते. इंजिन वर जाताना एखादी नळी कुठे अडकली, तर त्या गेजचा काटा हलल्याचे कुणाला दिसणारही नाही. ४० बारचा गेज लावा, त्याच्या मागे बंद करता येणारी तोटी ठेवा, आणि वर नेताना एका माणसाने फक्त काट्याकडेच पाहावे.

चालवलेल्या तासांबद्दलचा तुमचा प्रश्न योग्य आहे. अमेरिकेच्या स्पेस शटलची इंजिने उड्डाणांनंतर यानातून उतरवून तपासली जात आणि पुन्हा बसवली जात. सुमारे साडेतीन टन वजनाचे आणि सव्वाचार मीटर लांबीचे ते इंजिन यानाच्या पाठीमागे आडवे नेऊन बसवण्यासाठी एका मोठ्या फोर्कलिफ्टमध्येच बदल करून साधन तयार केलेले होते. एका यानाला तीन इंजिने, १९८१ ते २०११ या काळात १३५ उड्डाणे. त्यामुळे ते साधन आणि ती माणसे हाताखालची राहिली. आपल्याकडील साधने वर्षातून दोनदा बाहेर निघतात. त्यांचे सील एकाच जागी बसून आकार धरतात, पॉलियुरेथेनची चाके भाराखाली एका बाजूने चपटी होतात, स्क्रूवरचे ग्रीस वाळून त्यात धूळ बसते, आणि माणसेही विसरतात. म्हणून देखभाल तासांवर ठेवू नका. काही भाग कॅलेंडरवर ठेवा आणि उरलेला ‘ट्रॉली बाहेर निघण्यापूर्वी’ व ‘ट्रॉली परत आल्यावर’ या दोन प्रसंगांवर ठेवा. मधल्या काळात महिन्यातून एकदा टेबल पूर्ण वर नेऊन पूर्ण खाली आणा, आणि ट्रॉली चाकांवर उभी न ठेवता ठोकळ्यांवर उचलून ठेवा.

वाळूज वर्कशॉप

काका, मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे शनिवारी दुपारी चार वाजल्यापासून रविवारी दुपारी चार वाजेपर्यंत नोंदी घेतल्या; रात्रीच्या नोंदी माझ्या धाकट्या भावाने आणि मी वाटून घेतल्या.

शनिवारी चारला प्रोब ३९ अंशांवर होता आणि गेज शून्यावर. रात्री दहाला ३४ अंश आणि उणे १.५. पहाटे सहाला २८.५ अंश आणि उणे ३.३. त्यानंतर जे झाले ते पाहून आमचा हायड्रॉलिकवाला बराच वेळ गप्प उभा राहिला, कारण सकाळी नऊनंतर काटा उलटा फिरू लागला. रविवारी चारला प्रोब पुन्हा ३९ अंशांवर आला तेव्हा गेज उणे ०.४ वर होता. म्हणजे खरी गळती चोवीस तासांत ०.४ मिलिमीटर, आणि ८० मिलिमीटरच्या बोअरवर तेलाच्या भाषेत ती दोन घनसेंटिमीटर होते. औषधाचा चमचासुद्धा अर्धा भरणार नाही. विनाकारण बदललेल्या सीलचा खर्च आता आमच्याच खात्यावर.

दाबमापक २५० बारचाच निघाला. रिलीफ व्हॉल्व्हही तुम्ही म्हणालात तसा पंपाच्याच बाजूला आहे. चेक व्हॉल्व्ह सिलिंडरवर नसून खाली चौकटीवर आहे आणि मध्ये सुमारे एक मीटरचा होज आहे. उरलेली ०.४ मिलिमीटरची गळती सीलमधून होते की चेक व्हॉल्व्हमधून, हे सिलिंडर पुन्हा न उघडता कसे ओळखावे?

पैठणचा निवृत्त तंत्रज्ञ

सिलिंडर एकेरी आहे, त्यामुळे पिस्टनचे सील गळत असेल तर तेल दांड्याच्या बाजूला येते आणि श्वासछिद्रातून बाहेर दिसते. त्या छिद्राला पांढरा टिश्यू पेपर बांधून एक रात्र ठेवा. कागद कोरडा राहिला, तर गळती व्हॉल्व्हमधून टाकीत जात आहे असे समजा. तुमचा दाब कमी आहे आणि कमी दाबावर चेक व्हॉल्व्हची गोळी बैठकीवर घट्ट बसत नाही, त्यामुळे माझा संशय तिथेच आहे. बैठकीवर एखादा कणही अडकलेला असू शकतो; तेलाचा नमुना काढून कणांची मोजणी करून घ्या.

एक मीटरचा होज मात्र मला अजिबात मान्य नाही. तो फुटला तर चेक व्हॉल्व्ह शाबूत असूनही इंजिन खाली येईल. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या तोंडावरच, लोखंडी जोडणीने बसला पाहिजे. आणि व्हॉल्व्ह कितीही चांगला असला तरी माणसाने हात घालण्यापूर्वी खांबांवरचे यांत्रिक लॉक लागलेच पाहिजे. ट्रॉलीला असे लॉक नसेल तर ग्राहकाला ते आधी सांगा, बाकीचे नंतर.

जालना रोलिंग मिल, मेंटेनन्स

अग्निबाणाशी माझा संबंध नाही. बावीस वर्षे क्रेन, हुक आणि साखळ्यांशी आहे. आपण ट्रॉलीबद्दल विचारले, पण सोबतच्या लिफ्टिंग बीमबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो.

उचलण्याची साधने किमान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून पूर्ण तपासून घ्यावीत, ही मुदत नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने घालून दिलेली होती. आपला बीम, शॅकल, स्लिंग आणि आय-बोल्ट सगळे त्यात येते. वर्षभरात बीम एकदाच वापरला असला तरी तपासणी चुकत नाही, उलट न वापरलेल्या स्लिंगला उंदीर आणि ऊन दोन्ही लागतात. कापडी स्लिंगवरचे लेबल वाचता येत नसेल तर ती स्लिंग बाद, यावर आमच्याकडे वाद होत नाही. हुकाचे तोंड मूळ मापापेक्षा पाच टक्क्यांनी उघडले की आम्ही तो हुक कापून भंगारात टाकतो. नुसता बाजूला ठेवला तर रात्रपाळीत कुणीतरी तो पुन्हा वापरतो, हे अनुभवाने सांगतो.

बीमवरचे वेल्ड दरवर्षी डाय पेनिट्रंटने (चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) तपासा आणि त्यासाठी वेल्डवरचा रंग काढा. परत देताना साधन देखणे दिसावे म्हणून वर्कशॉपवाले जाड पिवळा रंग मारतात. त्या रंगाखाली चीर कधी सुरू झाली ते कळत नाही. वेल्डच्या पट्ट्यावर पातळ प्रायमरच ठेवा, त्यावर गंज आला तरी तो निदान दिसतो.

बोल्टबद्दल एक प्रसंग सांगतो. ज्या कारखान्यात मी पूर्वी होतो, तिथे एका कपलिंगला १२.९ ग्रेडचे (फार उच्च ताकदीचे) बोल्ट लावले होते आणि ते गंजू नयेत म्हणून कुणीतरी स्थानिक प्लेटिंगवाल्याकडून त्यांच्यावर झिंक चढवून आणले. शुक्रवारी बोल्ट बरोबर टॉर्कवर आवळले. रविवारी कारखाना बंद होता, यंत्राला कुणी हातही लावला नव्हता, आणि सोमवारी सकाळी दोन बोल्टांची डोकी खाली फरशीवर पडलेली सापडली. प्लेटिंग करताना पोलादात शिरलेला हायड्रोजन असे करतो. बोल्ट ताणाखाली उभा राहतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी तडकतो. आपल्या क्रेडलला १२.९ चे बोल्ट असतील तर ते परस्पर प्लेटिंगला पाठवू नका. उत्पादकाकडून आले तसे, हलके तेल लावून वापरा, किंवा विजेच्या प्रक्रियेशिवाय चढवलेले झिंक-फ्लेक लेपन असलेले बोल्ट मागवा.

भार चाचणीबाबत माझे मत असे की, दरवर्षी १५० टक्के भार ठेवून पाहिल्याशिवाय समाधान मानू नये.

पैठणचा निवृत्त तंत्रज्ञ

जालनेकरांच्या रंगाबद्दलच्या आणि बोल्टबद्दलच्या मताशी शंभर टक्के सहमत आहे. दोन गोष्टींत मात्र फरक करावा लागेल.

पहिली, दरवर्षीचे १५० टक्के. प्रत्येक जास्तीच्या भाराने वेल्डमधली एखादी बारीक चीर थोडी पुढे जाते, आणि चाचणी ‘पास’ झाली म्हणून आपण निर्धास्त होतो. आमच्याकडे १२५ टक्क्यांची चाचणी नव्या साधनावर आणि भार पेलणारा भाग दुरुस्त केल्यावर किंवा बदलल्यावर होत असे. एरवी वार्षिक चाचणी नेमून दिलेल्या क्षमतेवर, आणि तिच्यानंतर वेल्डची तपासणी. तपासणीशिवाय चाचणी अपुरी आहे. ग्राहकाच्या रेखाचित्रावर चाचणी भार लिहिलेला असेल तर तोच अंतिम.

दुसरी, बोल्टवरचे हलके तेल. गिरणीत ते योग्य आहे. पण हे इंजिन द्रव ऑक्सिजनवर चालणारे असेल, तर त्याच्या ऑक्सिजनच्या तोंडाजवळ साधे खनिज तेल किंवा पिवळे ग्रीस जाणे म्हणजे आगीचे निमंत्रण आहे. ऑक्सिजनच्या संगतीत तेल लहानशा धक्क्यानेही पेट घेते. म्हणून क्रेडलच्या आणि टेबलच्या वरच्या भागातील स्क्रू, पिना आणि बोल्ट यांना ऑक्सिजनमध्ये सहज न पेटणारे परफ्लुओरोपॉलिएथर जातीचे ग्रीसच लावावे. ते महाग असते, पण लागते नखाएवढे. ट्रॉली पाठवण्यापूर्वी वरचा भाग अंधारात अतिनील दिव्याखाली पाहा; बहुतेक तेले त्या प्रकाशात चमकतात आणि पुसूनही राहिलेला बोटाचा ठसा दिसतो. बनियन वेस्टने (बनियनच्या कापडाच्या चिंध्यांनी) पुसू नका, त्याचे धागे सुटतात. धागे न सोडणारे कापड वापरा आणि मोजून आत न्या, मोजून बाहेर काढा. हाच नियम पान्यांना आणि बॉल-लॉक पिनांना लावा. प्रत्येक पिनेला दोरी हवी आणि पिनेला अडकवून ठेवणाऱ्या तिच्या टोकाच्या गोळ्या दोन्ही बाजूंना असल्याची खात्री हवी. शटलच्या इंजिनाची नोझल १,०८० बारीक नळ्या शेजारी-शेजारी जोडून बनवलेली होती. अशा नोझलवर वरून एक पिन पडली तर काय दुरुस्त करायचे, याचा विचार करून पाहा.

ट्रॉलीची चाके पॉलियुरेथेनची म्हणजे वीज न वाहणारी आहेत, त्यामुळे अर्थिंगची पट्टी आणि तिचा रोध तपासणे वेळापत्रकात घ्या.

लातूरची क्वालिटी इंजिनिअर

मी लातूरची असून सध्या छत्रपती संभाजीनगरला विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. वर सर्वांनी यंत्राबद्दल लिहिले. मला कागदाबद्दल लिहायचे आहे. सील विनाकारण बदलले गेले ते कागदामुळेच, कारण चाचणीच्या नोंदवहीत तापमानाचा रकानाच नव्हता.

६ सप्टेंबर २००३ रोजी कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे लॉकहीड मार्टिनच्या कारखान्यात एनओएए-एन प्राइम हा हवामान उपग्रह उभ्याचा आडवा केला जात होता. ज्या फिरत्या गाडीवर तो बसवला होता, तिच्या मधल्या प्लेटला चोवीस बोल्ट लागतात. ते बोल्ट दुसऱ्या कामासाठी आधीच काढले गेले होते आणि त्याची नोंद कुठेही झाली नव्हती. त्या दिवशीच्या चमूने बोल्ट आहेत का हे डोळ्यांनी न पाहता आधीच्या कागदांवरून ते आहेतच असे धरले, आणि उपग्रह तिरपा होताच सुमारे नव्वद सेंटिमीटर खाली फरशीवर आपटला. दुरुस्तीचा खर्च साडेतेरा कोटी डॉलर इतका आला आणि तो उपग्रह शेवटी ६ फेब्रुवारी २००९ रोजी अवकाशात गेला. त्यात उपग्रहाचा दोष नव्हता आणि गाडीही मोडलेली नव्हती.

तुमची ट्रॉली तर सहा-सहा महिने तुमच्याकडे आणि मग काही आठवडे ग्राहकाकडे असते. मधल्या काळात तिथे कुणी क्रेडलचे चार बोल्ट काढून दुसरीकडे लावले, तर तुम्हाला कोण सांगणार? म्हणून मी असे सुचवेन की, ट्रॉलीच्याच अंगावर, पत्र्याच्या बंद खणात, एक नोंदवही ठेवावी आणि ज्याने कोणताही भाग उघडला त्याने तो उघडतानाच तारीख, वेळ आणि सही करावी; बसवल्यावर नव्हे. उघडलेल्या जागी लाल चिठ्ठी बांधावी आणि ती फक्त बसवून तपासल्यावरच दुसऱ्या माणसाने काढावी. बोल्टच्या संख्येसाठी तपासयादीत ‘बोल्ट बसवले: होय’ असे लिहू नका. तिथे रिकामी जागा ठेवा आणि मोजून आकडा लिहायला लावा. ‘होय’ वर टिक करायला बोल्ट पाहावा लागत नाही; आकडा लिहायचा तर निदान जवळ जाऊन मोजावे लागते.

टॉर्क पान्याचे कॅलिब्रेशन बारा महिने किंवा पाच हजार आवळण्या, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेतून करून घ्यावे. काम संपल्यावर पाना त्याच्या सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावा, पण त्याच्याही खाली सैल करू नये.

निवृत्त काकांच्या यांत्रिक लॉकच्या मुद्द्यात एक भर घालते. भार उचललेल्या अवस्थेत रात्र काढायची नाही, हा नियम कार्यपद्धतीतच असावा. चाचणीसाठी ठेवायचाच झाला, तर लॉकच्या एक-दोन सेंटिमीटर वर ठेवावा, म्हणजे टेबल सुटले तरी तेवढ्यावरच अडकेल. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी भूकंपाची पहाट आमच्या भागात ज्यांनी पाहिली, त्यांना याचे वेगळे कारण सांगावे लागत नाही.

वाळूज वर्कशॉप

सर्वांचे आभार मानतो आणि पुढे काय झाले ते लिहितो. श्वासछिद्राला बांधलेला टिश्यू पेपर सकाळी कोरडा होता. चेक व्हॉल्व्ह उघडला, तर बैठकीवर टेफ्लॉन टेपची एक बारीक सळ चिकटलेली होती. आधीच्या एखाद्या दुरुस्तीत कुणीतरी जोडणीच्या आट्यांवर टेप गुंडाळली असावी. ती काढून, बैठक साफ करून पुन्हा चोवीस तास नोंदी घेतल्या आणि त्याच तापमानावर गेज ०.०५ मिलिमीटरच्या आत परत आला. या वेळी टेबल लॉकच्या एक सेंटिमीटर वर ठेवले होते. ग्राहकाला तापमान आणि उंचीचा आलेख जोडून कारण कळवले आहे. सिलिंडरच्या तोंडावर चेक व्हॉल्व्ह, कोंडलेल्या तेलासाठी रिलीफ व्हॉल्व्ह, ४० बारचा गेज आणि बोल्टनंतर क्रेडल मोकळे करण्याची स्वतंत्र पायरी, असे चार बदल लेखी सुचवले आहेत. पहिले तीन त्यांनी मान्य केले. चौथ्यासाठी त्यांच्या जोडणी विभागाची बैठक व्हायची आहे. नोंदवहीचा खण कालच वेल्ड केला, आणि हो, त्यावर पातळ प्रायमरच मारला आहे.

एक शेवटची शंका. पंपापासून येणारा जो होज आता उरेल, त्याच्या फेरूलवर (टोकाच्या धातूच्या कड्यावर) २०१७ च्या तिसऱ्या तिमाहीचा शिक्का आहे. बाहेरून रबर एकदम नव्यासारखे दिसते, वाकवला तरी चिरा पडत नाहीत आणि एकूण वापर फार तर दोनशे तासांचा असेल. तो ठेवावा का?

पैठणचा निवृत्त तंत्रज्ञ

नाही. होजचे आयुष्य बनवल्याच्या तारखेपासून मोजतात, वापरलेल्या तासांपासून नाही, आणि सहा वर्षांनंतर मी तो कधीच ठेवला नाही. जुना होज मधोमध कापून टाका, म्हणजे जालनेकर म्हणतात तसे रात्रपाळीत कुणी तो पुन्हा लावणार नाही. नवा घेताना त्यावरचा शिक्का दुकानातच वाचा. मोंढ्यातल्या दुकानात तीन-तीन वर्षे टांगलेले होज ‘नवे’ म्हणून मिळतात.